‘हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे’ असे वाटते, तेव्हा संदर्भ द्यावा का?

प्रश्न : मी मुंबईत एम.ए. इतिहासाच्या शेवटच्या वर्षाला असून गिरणगावातील खानावळवाल्या स्त्रियांवर लघुप्रबंध लिहीत आहे. माझी आजी लालबागला खानावळ चालवत असे, त्यामुळे हा विषय घरचाच आहे; गड्यांचे खाडे मांडलेली तिची हिशेबाची वहीही घरात अजून आहे. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी पहिले प्रकरण तपासून परत दिले, तेव्हा काही वाक्यांपुढे लाल शाईने ‘संदर्भ?’ असे लिहिलेले होते आणि मी आवर्जून दिलेल्या काही तळटिपा ‘सर्वज्ञात, गरज नाही’ म्हणून खोडलेल्या होत्या. ‘महाराष्ट्राची स्थापना १ मे १९६० रोजी झाली’ आणि ‘गिरण्या तीन पाळ्यांत चालत’ या दोन्हींच्या तळटिपा गेल्या. मला यातले सूत्रच कळत नाही. माझी एक मैत्रीण म्हणते की पाच पुस्तकांत सापडलेल्या गोष्टीला संदर्भ लागत नाही आणि सलग चौदा शब्द उचलले तरी चालतात. हे खरे का? शिवाय आजीने सांगितलेल्या गोष्टी आमच्या चाळीत सगळ्यांनाच माहीत आहेत, त्यांना संदर्भ द्यायचा तरी कसा? सोबत एक पान जोडले आहे.
— एक विद्यार्थिनी, परळ

उत्तर : तुम्ही पाठवलेले पान मी लक्षपूर्वक वाचले. तुमच्या मॅडमच्या लाल शाईत एक सूत्र निश्चित आहे; ते त्यांनी समासात लिहून दिलेले नाही, इतकेच. तळटीप द्यावी की नाही हे ठरवताना तुम्ही ‘ही गोष्ट किती लोकांना माहीत आहे’ याचा विचार करता. मॅडम दोन निराळे प्रश्न विचारतात. हे विधान वाचून जाणत्या वाचकाच्या मनात ‘कशावरून?’ अशी शंका येईल का, हा पहिला. आणि हे विधान आज आपल्याला सहज करता यावे यासाठी आधी कोणी कष्ट घेतले आहेत का, म्हणजे कोणी मोजदाद केली, दप्तरे चाळली किंवा एखादा विचार प्रथम मांडला का, हा दुसरा. दोहोंपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ असेल, तर संदर्भ द्यावा लागतो. दोन्हींचे उत्तर प्रामाणिकपणे ‘नाही’ असेल, तर ती माहिती सर्वज्ञात समजावी, मग ती कोट्यवधी लोकांना ठाऊक असो की मुंबईच्या इतिहासाच्या मोजक्या अभ्यासकांना.

१ मे १९६० ची तळटीप खोडली गेली, ते योग्यच झाले. ही तारीख कोणाचा शोध नाही, तिच्याबद्दल वाद नाही आणि कोणत्याही विश्वसनीय ग्रंथात ती हीच मिळेल. ‘१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी रेल्वे धावली’ हे वाक्यही त्याच वर्गातले. आता याच वाक्याला धरून एक पायरी पुढे जा. गाडीला चौदा डबे होते, सुमारे चारशे निमंत्रित तिच्यात बसले होते, तोफांची सलामी झाली, हा तपशील कोणीतरी त्या वेळच्या वृत्तपत्रांतून आणि रेल्वेच्या कागदपत्रांतून काढून आपल्यापर्यंत आणलेला आहे. तो तुमच्या लिखाणात आला की तुम्हाला तो कुठे मिळाला, हे सांगणे भाग आहे, कारण एखाद्या वाचकाला निमंत्रितांचा आकडा पडताळायचा असेल, तर त्याने कोणते पान उघडायचे हे तुमच्याखेरीज त्याला कोण सांगणार?

आणखी एक पायरी पुढे गेले की तुमच्या पानावरचे वाक्य येते : ‘रेल्वे आली आणि त्यामुळे कोकणातला शेतकरी गिरणीत आला.’ याला तुम्ही संदर्भ दिलेला नाही, कारण ते इतके स्वाभाविक वाटते की त्याला पुरावा कशाला, असे लिहिणाऱ्याला वाटावे. मॅडमनी तिथेच ‘संदर्भ?’ लिहिले, याचा मला फार आनंद झाला. रत्नागिरीकडचा माणूस गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात रेल्वेने मुंबईला आलेलाच नाही, कारण कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला तो जानेवारी १९९८ मध्ये, म्हणजे गिरण्यांचे भोंगे बहुतांशी थांबल्यानंतर. किनाऱ्यावरची माणसे गलबतांनी आणि पुढे आगबोटींनी मुंबईच्या धक्क्यावर उतरत. घाटावरच्या, म्हणजे पुणे-सातारा भागातल्या कामगारांबाबत रेल्वेचा मुद्दा मांडता येईल, कारण बोरघाटातला लोहमार्ग १८६३ पासून वाहता होता. पण तिथेही कोणत्या साधनाच्या आधारे मांडता, ते सांगावे लागेल. तुम्ही या वाक्याला संदर्भ शोधायला बसला असता, तर तो मिळाला नसता आणि चूक तिथेच हाती लागली असती. कारण आणि परिणाम जोडणारे विधान कितीही उघड वाटले, तरी ते सर्वज्ञात माहितीच्या खात्यात टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तारखा आणि नावे सर्वज्ञात असू शकतात. अमुक घडले म्हणून तमुक घडले, हे नेहमी कोणाचे तरी प्रतिपादन असते.

आता तुमचा मुख्य परिच्छेद घेऊ. तुम्ही लिहिता : ‘मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेव येथे काढली. त्यानंतर गिरण्यांची संख्या वाढत गेली. कामगार एकेका खोलीत दहा-दहा जण राहत. त्यांना खानावळवाल्या बायकांनी पोसले. १९८२ च्या संपात अडीच लाख कामगार उतरले आणि त्या संपाने गिरण्या संपवल्या.’ या संपूर्ण परिच्छेदाला एकही तळटीप नाही.

पहिले वाक्य वरकरणी सर्वज्ञात वाटते आणि दावर यांचे नाव, ताडदेव हे ठिकाण या बाबी तशा आहेतही. अडचण वर्षाची आहे. काही ग्रंथांत तुम्हाला १८५४ आढळेल, काहींत १८५६, आणि दोन्ही आपापल्या परीने बरोबर आहेत, कारण दावर यांची बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि गिरणीतून प्रत्यक्ष सूत निघू लागले ते १८५६ मध्ये. ‘काढली’ या शब्दाने तुम्ही दोन्ही घटना एकत्र करून टाकल्या. कंपनीची स्थापना आणि उत्पादनाची सुरुवात अशी दोन वर्षे वेगळी लिहा आणि ज्या ग्रंथातून ती घेतली त्याचा संदर्भ द्या. चांगल्या ग्रंथांत एकाच गोष्टीची दोन उत्तरे मिळू लागली की ती गोष्ट त्या क्षणी सर्वज्ञात राहत नाही, मग ती शालेय पाठ्यपुस्तकात असली तरीही. दुसऱ्या वाक्याला काही नको. त्यात कोणी शंका घेण्यासारखे काही नाही आणि खरे तर त्यात फारसे सांगितलेलेही नाही.

तिसऱ्या वाक्यावर मात्र थांबावे लागेल. गिरणगावात वाढलेल्या कोणालाही खोलीतली गर्दी सांगावी लागत नाही. पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपणारी माणसे, भिंतीला टांगलेल्या ट्रंका आणि वळकट्या यांच्या आठवणी घराघरांत आहेत. पण तुमचा प्रबंध गडचिरोलीतला प्राध्यापक वाचेल, तसाच परदेशातला अभ्यासकही वाचेल आणि तो विचारेल, कोणत्या दशकातली खोली, खासगी चाळीतली की सरकारी बीडीडी चाळीतली, कुटुंबाची की एकट्या पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेली? ‘दहा-दहा’ हा बोलण्यातला आकडा आहे, मोजलेला नव्हे. मोजलेले आकडे उपलब्ध आहेत. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी करून १९२३ मध्ये अहवाल छापला, १९३१ मध्ये रॉयल कमिशन ऑन लेबरचा अहवाल आला, आणि दर दहा वर्षांच्या जनगणनेत घरांविषयीची माहिती आहे. यांपैकी एका अहवालातील आकडा, त्याचे वर्ष आणि पृष्ठक्रमांक दिला की तुमच्या आजीच्या आठवणीला भक्कम आधार मिळतो. आठवण काढून टाकू नका. आकडा अहवालाचा ठेवा आणि अनुभव आजीचा ठेवा.

आकड्यांविषयी इथेच थोडे सांगतो, कारण मुंबईविषयी लिहिताना ही चूक वारंवार होते. ‘२६ जुलै २००५ रोजी मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला’ हे वाक्य मुंबईकराला पाठ असते. तो आकडा हवामान खात्याच्या सांताक्रूझ येथील केंद्राचा आहे. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या केंद्रावर शंभर मिलिमीटरही पाऊस झालेला नव्हता. म्हणजे आकडा खरा आणि वाक्य मात्र अपुरे. संदर्भ देण्यासाठी मूळ नोंदीपर्यंत गेलेल्या माणसाला हा फरक आपोआप कळतो, ऐकीव आकडा लिहिणाऱ्याला तो कळण्याचा मार्गच नसतो. म्हणून मोजून काढलेला कोणताही आकडा, मग तो पावसाचा असो, लोकसंख्येचा असो की मजुरीचा, कितीही प्रसिद्ध असला तरी संदर्भाशिवाय लिहू नये. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती, असे लिहिताना निदान जनगणनेचे वर्ष वाक्यातच येते आणि वाचकाचे काम भागते. ‘मुंबईची लोकसंख्या दोन कोटींच्या घरात आहे’ असे लिहिले, तर कोणाचा अंदाज, कोणत्या वर्षाचा आणि केवळ महापालिकेच्या हद्दीचा की ठाणे-नवी मुंबई धरून, असे तीन प्रश्न अनुत्तरित राहतात.

संपाचे वाक्य याच कसोटीवर पाहा. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, याला संदर्भाची गरज नाही. ‘अडीच लाख’ या आकड्याला आहे, कारण तो कायम कामगारांचा आहे की बदली कामगार धरून आहे, आणि तो सरकारने दिला, मालकांच्या संघटनेने दिला की युनियनने दिला, यावर त्याचा अर्थ बदलतो. आणि ‘त्या संपाने गिरण्या संपवल्या’ हे तर सरळसरळ मत आहे. अनेकांचे ते मत आहे, हे मान्य. परंतु दुसऱ्या बाजूने असेही मांडले गेले आहे की जुनाट यंत्रसामग्री, भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांची स्पर्धा आणि आधुनिकीकरणाकडे झालेले दुर्लक्ष यांनी हा धंदा संपापूर्वीच पोखरला होता, आणि पुढे जमिनीच्या किमतींनी, १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील गिरण्यांच्या जमिनींविषयीच्या ५८ क्रमांकाच्या नियमाने व २००१ मध्ये त्यात झालेल्या बदलाने गिरण्यांच्या जागेचे भवितव्य ठरवले. ज्या प्रश्नावर आजही लालबाग-परळमध्ये दोन माणसांचे एकमत होत नाही, त्यावर तुम्ही एका वाक्यात निकाल देऊन पुढे जाऊ शकत नाही. कोणाचे मत तुम्हाला पटते ते त्याच्या नावानिशी लिहा, दुसऱ्या बाजूचा उल्लेख करा आणि मग हवे तर आपला कौल द्या.

तुमच्या मैत्रिणीचा पाच पुस्तकांचा नियम लेखनविषयक काही मार्गदर्शिकांत खरोखर सांगितलेला असतो आणि त्यात तथ्यांश आहे : पाच स्वतंत्र आणि विश्वसनीय ग्रंथांत एखादी गोष्ट तळटिपेशिवाय आलेली असेल, तर अभ्यासकांनी ती मान्य केलेली असण्याचा संभव मोठा असतो. अडचण ‘स्वतंत्र’ या अटीची आहे, आणि नियम सांगताना नेमकी तीच गळते. धारावी ही आशियातील सर्वांत मोठी झोपडपट्टी आहे, हे वाक्य तुम्हाला पाच काय, पन्नास ठिकाणी मिळेल. त्यांपैकी क्षेत्रफळाने मोठी की लोकसंख्येने, आणि कोणत्या वर्षी कोणी मोजली, हे सांगणारे ठिकाण शोधून पाहा. धारावीच्या लोकसंख्येचे जे अंदाज छापले जातात, त्यांत लाखालाखांचे अंतर असते आणि कराचीतील ओरंगी टाउन तिच्याहून मोठी असल्याचे अनेक ठिकाणी म्हटलेले आहे. पन्नास जणांनी एकमेकांकडून घेतलेले वाक्य हा पुराव्याच्या दृष्टीने एकच आवाज असतो. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचेही तसेच आहे. १०५ हा आकडा आपल्या जिभेवर बसलेला आहे, पण छापील मजकुरात १०६ आणि १०७ हेही आकडे आढळतात. ज्यांनी जीव दिला त्यांच्या संख्येबाबत तरी आपण सवयीवर विसंबू नये. आपण कोणती यादी प्रमाण मानली, हे लिहावे, अशी माझी तळमळीची विनंती प्रत्येक विद्यार्थ्याला असते.

चौदा शब्दांची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण तिच्यात खऱ्या नियमाचा चुकीचा अर्थ लावलेला आहे. वाङ्मयचौर्याला आळा घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये जे विनियम केले, ते एम.ए.च्या लघुप्रबंधालाही लागू होतात. त्यांत साम्य मोजताना काय वगळावे हे सांगितले आहे : योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, सर्वसाधारण संज्ञा, कायदे, प्रमाणित चिन्हे व समीकरणे, आणि सामान्यतः ज्ञात असलेल्या किंवा योगायोगाने जुळणाऱ्या, सलग चौदा शब्दांपर्यंतच्या शब्दरचना. याचा अर्थ इतकाच की ‘मुंबई ही महाराष्ट्राची राजधानी आहे’ यासारखे वाक्य दुसऱ्या कोणाच्या वाक्याशी जुळले, म्हणून तुम्हाला दोषी धरू नये. कोणाचेही तेरा शब्द बिनदिक्कत उचलावेत, अशी मुभा त्यात नाही. एखाद्या अभ्यासकाने पाच शब्दांत एखादी नवी कल्पना मांडली असेल, तर त्या पाच शब्दांनाही अवतरणचिन्हे आणि संदर्भ लागतील.

त्याच विनियमांत साम्याच्या पातळ्या ठरवल्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. चाळीसच्या वर साठपर्यंत असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही आणि साठच्या वर नोंदणी रद्द होते. विद्यार्थी या आकड्यांना इतके घाबरतात की त्यांचे सगळे लक्ष शब्द फिरवण्याकडे लागते. सॉफ्टवेअर शब्द जुळवून पाहते. विचार कोणाचा, हे त्याला कळत नाही. दुसऱ्याचा युक्तिवाद तुम्ही स्वतःच्या शब्दांत इतका बदलून लिहिलात की साम्य शून्य टक्के आले, तरी श्रेय न देता घेतलेला तो युक्तिवाद चोरीचाच ठरतो. याउलट तीन ओळींचा उतारा जसाच्या तसा, अवतरणचिन्हांत आणि पृष्ठक्रमांकासह दिलात, तर त्यात गैर काही नाही. म्हणून सॉफ्टवेअरचा अहवाल शेवटी पाहावा. लिहिताना तो डोळ्यांपुढे ठेवू नये.

सर्वज्ञात माहितीला मिळणारी सूट ही माहितीपुरती असते, तिच्या मांडणीला नसते, हेही यातून लक्षात यावे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, ही गोष्ट कोणाच्या मालकीची नाही. पण त्या साथीत लोक शहर सोडून कसे गेले, याचे एखाद्या लेखकाने केलेले वर्णन तुम्ही त्याच क्रमाने, त्याच प्रतिमा वापरून लिहिलेत, तर प्लेग सर्वज्ञात आहे हा बचाव चालणार नाही. जुन्या ग्रंथांबाबत विद्यार्थी आणखी एक गल्लत करतात. १९०९-१० मध्ये निघालेले मुंबई शहराचे गॅझेटियर आता कॉपीराइटच्या मुदतीबाहेर आहे, तेव्हा त्यातला मजकूर हवा तसा घ्यावा, असे त्यांना वाटते. कॉपीराइटचा कायदा मजकूर छापण्याचा हक्क कोणाचा, हे ठरवतो. संदर्भ द्यायचा तो वाचकासाठी आणि श्रेयासाठी, आणि त्याला मुदत नसते.

आजींविषयी तुम्ही जे विचारले आहे, ते मला तुमच्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाटले. चाळीतल्या प्रत्येकाला जे माहीत आहे ते चाळीबाहेर कोणालाच माहीत नसण्याची शक्यता आहे, आणि खानावळवाल्या स्त्रियांच्या बाबतीत ती शक्यता फार मोठी आहे, कारण गिरणीतल्या कामगाराची नोंद हजेरीपटावर तरी होती, त्याला दोन वेळा जेवू घालणाऱ्या बाईची नोंद तिच्या स्वतःच्या वहीखेरीज क्वचितच कुठे झाली. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केल्यानंतर या स्त्रियांविषयी लिहिले-बोलले जाऊ लागले. त्याआधीच्या काळासाठी तुमच्या आजींसारख्या स्त्रियांच्या आठवणी हेच मूळ साधन आहे. अशा साधनाला संदर्भ न देणे म्हणजे आपल्या प्रबंधातली सर्वांत नवी माहिती आपणच ऐकीव म्हणून सोडून देणे होय.

तेव्हा आजींशी रीतसर मुलाखत करा. त्यांना आधी सांगा की हे लिखाणात येणार आहे आणि त्यांची संमती घ्या. तळटिपेत मुलाखत देणाऱ्याचे नाव, मुलाखतीची तारीख, ठिकाण आणि मुलाखत कोणी घेतली हे लिहा; नाव उघड करायचे नसेल तर बदललेले नाव वापरा आणि तसे एका टिपेत सांगा. आजी तुमची आजी आहे, हेही प्रस्तावनेत नमूद करा, म्हणजे वाचकाला तुमचे नाते कळेल आणि तो आपले मत स्वतः बनवील. दुसऱ्या एखाद्या खानावळवालीची मुलाखत मिळाली तर ती अवश्य घ्या, कारण एका घरातली पद्धत साऱ्या गिरणगावाची होती असे एका मुलाखतीवरून म्हणता येत नाही.

तुम्ही पत्रात ओझरता उल्लेख केला आहे की आजींची हिशेबाची एक वही घरात अजून आहे आणि तिच्यात गड्यांच्या नावापुढे खाडे मांडलेले आहेत. ती वही जपून ठेवा आणि तिचा संदर्भ एखाद्या दप्तरखान्यातल्या कागदाला द्यावा तसा द्या : कोणाची वही, कोणत्या वर्षांची, कोणत्या पानावरची नोंद आणि सध्या कोणाकडे आहे. पानांना क्रमांक नसतील तर पेन्सिलीने हलकेच घाला किंवा प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून छायाचित्रांना क्रमांक द्या. कोणत्या महिन्यात किती खाडे पडले, गावी जाण्याच्या दिवसांत ते वाढले का, थकलेले पैसे कसे वसूल झाले, हे त्या वहीवरून तुम्ही मांडलेत, की ‘खानावळवाल्या बायकांनी कामगारांना पोसले’ हे चौथे वाक्य उसने राहणार नाही. तो तुमच्या अभ्यासाचा निष्कर्ष होईल आणि त्याला आधार तुमच्याच साधनांचा असेल. तेच वाक्य तुम्ही आधी कुठे वाचलेले असेल आणि त्यावरून हा विषय सुचला असेल, तर त्या लेखकाचेही नाव तिथे यायला हवे.

एक बारीक पण महत्त्वाची बाब सांगायची राहिली. लेबर ऑफिसच्या १९२३ च्या अहवालातील आकडा तुम्हाला अलीकडच्या एखाद्या पुस्तकात सापडला आणि मूळ अहवाल तुम्ही पाहिलेला नसेल, तर तळटिपेत केवळ मूळ अहवालाचे नाव टाकू नका. अहवालाचा उल्लेख करून ‘अमुक पुस्तकात उद्धृत’ असे लिहा. आपण जे पान प्रत्यक्ष पाहिले त्याचाच संदर्भ द्यायचा, हा संशोधनातला साधा प्रामाणिकपणा आहे, आणि त्याचा फायदाही आपल्यालाच होतो, कारण मधल्या लेखकाने आकडा उतरवताना चूक केली असेल तर ती तुमच्या माथी येत नाही. शक्य असेल तिथे मूळ पाहावेच. मुंबईत राहून हे काम करणाऱ्याला टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटी, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागार आणि १८९८ पासून चालत आलेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय हाताशी आहे. बाहेरगावच्या विद्यार्थ्याला या सोयीसाठी सुट्टी काढून यावे लागते.

शंका असेल तिथे संदर्भ द्यावा, असे सर्वच शिक्षक सांगतात आणि मीही सांगतो. तरीही शंका खरी असावी. मुंबई हे बंदर आहे, गिरणगावात मराठी कामगारांची वस्ती मोठी होती, अशा वाक्यांना तळटिपा लावत गेले, तर वाचकाला ज्या तळटिपांपाशी थांबायला हवे त्या गर्दीत हरवतात, आणि लेखकाला कशाची खात्री आहे व कशाची नाही हेही त्याला कळेनासे होते. तुमच्या प्रकरणात काही ठिकाणी असे झाले होते आणि मॅडमनी खोडाखोड केली ती त्यासाठीच.

एका ठिकाणी मात्र मी त्यांच्याशी सहमत नाही. ‘गिरण्या तीन पाळ्यांत चालत’ या वाक्याची तळटीप त्यांनी सर्वज्ञात म्हणून काढली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाबद्दल ते वाक्य असते, तर मीही काढली असती. तुमच्या प्रकरणात ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या वर्णनात आलेले आहे, आणि त्या काळी विजेचे दिवे नसल्यामुळे गिरण्या प्रायः उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चालत. कामाचे तास कायद्याने टप्प्याटप्प्याने कमी होत गेले आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घातली. आजींच्या आठवणीतल्या तीन पाळ्या तुम्ही नकळत पन्नास-साठ वर्षे मागे नेल्या आहेत. मॅडमना भेटाल तेव्हा तळटीप परत घालण्याची परवानगी मागू नका. ते वाक्यच त्या प्रकरणातून काढून पुढच्या प्रकरणात योग्य काळाच्या जागी ठेवणार असल्याचे सांगा, आणि पाळ्यांची पद्धत केव्हा आली यासाठी कोणता अहवाल पाहावा, हे त्यांनाच विचारा.